प्रश्न तुमचे : छोट्या फ्यूजन यंत्रातून न्यूट्रॉन काढायचे कसे आणि वाढवायचे कसे

मागच्या अंकात फ्यूझरबद्दल लिहिलं होतं, म्हणजे ते टेबलावर मावणारं यंत्र, व्हॅक्यूम चेंबरच्या मधोमध तारेची जाळी, जाळीवर हजारो व्होल्टचं निगेटिव्ह व्होल्टेज आणि आत अगदी थोडा ड्युटेरियम वायू, म्हणजे जड हायड्रोजन. आयन जाळीकडे ओढले जातात, फटींमधून आरपार जातात, एकमेकांवर किंवा आतल्या वायूवर आदळतात आणि त्यातल्या फार थोड्या टकरींमध्ये खरंखुरं फ्यूजन होतं, म्हणजे दोन केंद्रकं जुळतात. त्यावर इतकी पत्रं आलीत की सगळी छापणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांनी सेटअपचे फोटो पाठवले त्यांचे आभार, फोटो बघून निम्मं तर लगेच कळतं.

प्रश्न : ताई, आम्ही तिघांनी फायनल इयर प्रोजेक्टसाठी फ्यूझर बनवलाय. रोटरी पंप, निऑन साइनचा ट्रान्सफॉर्मर, स्टीलच्या तारेची जाळी. मस्त जांभळा प्रकाश येतो, मधे ताऱ्यासारखा आकार पण दिसतो. गाइड म्हणतात फ्यूजन झालं, आम्हाला शंका आहे. झालं का?

नाही झालं. तुमची शंका बरोबर आहे आणि ती रिपोर्टमध्ये तशीच लिहा. चेंबरमध्ये हवा आहे, तुम्हाला दिसतोय तो मुख्यतः नायट्रोजनचा ग्लो डिस्चार्ज. ताऱ्याचा आकार दिसला म्हणजे जाळीच्या फटींमधून आयनांचे झोत आत-बाहेर जातायत इतकंच कळतं, ते हवेतही होतं आणि आर्गॉनमध्येही होतं.

फ्यूजन झालं असं म्हणायला तुमच्याकडे ड्युटेरियम पाहिजे, साधारण 20 किलोव्होल्टच्या वरचं निगेटिव्ह डीसी पाहिजे आणि न्यूट्रॉन मोजायची सोय पाहिजे. निऑन साइनचा ट्रान्सफॉर्मर 10-15 किलोव्होल्टच्या आसपासचा असतो आणि तो देतो एसी. दोन ड्युटेरियम केंद्रकं जुळली की साधारण निम्म्या वेळा हेलियम-3 आणि 2.45 एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांची ऊर्जा मोजायचं एकक) न्यूट्रॉन मिळतो, उरलेल्या निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन. यातला चेंबरबाहेर येऊन सापडू शकतो तो फक्त न्यूट्रॉन, बाकी सगळं आतच अडकतं. म्हणून न्यूट्रॉन मोजल्याशिवाय फ्यूजनचा दावा करायचा नाही, प्रकाश कितीही सुंदर दिसला तरी.

ही प्रक्रिया स्वतः जुनीच आहे, 1934 मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी ड्युटेरियमवर ड्युटेरियमचाच झोत मारून ती बघितली होती. फ्यूझर आला त्यानंतर तीसेक वर्षांनी, टेलिव्हिजनवर मूलभूत काम केलेल्या फिलो फार्न्सवर्थकडून, पेटंट 1966 चं. 1967 मध्ये रॉबर्ट हर्श यांचा सहा आयन गन लावून केलेल्या प्रयोगांचा पेपर आला. आजचे छोटे फ्यूझर त्याच घराण्यातले, फक्त आयन गन काढून सोपे केलेले.

तुम्ही बनवलाय त्याला डेमो फ्यूझर म्हणतात. व्हॅक्यूम धरणारा, स्थिर प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) देणारा डेमो फ्यूझर बनवणं हे प्रोजेक्ट म्हणून भरपूर आहे, त्याला वाढवून सांगायची काही गरज नाही.

प्रश्न : मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक. फ्यूजन होतं, ऊर्जा सुटते, तर या यंत्रावर निदान एक बल्ब तरी लागेल का? विद्यार्थी विचारायचे तेव्हा मी "पुढे कधीतरी" असं म्हणायचो.

सर, आपण आकडेच मांडू, म्हणजे कुणाला शंकाच राहायची नाही. चांगला चालणारा हौशी फ्यूझर घ्या, 40 किलोव्होल्ट आणि 10 मिलिअँपिअर, म्हणजे 400 वॅट आत गेले. त्यातून सेकंदाला 10 लाख न्यूट्रॉन येतायत असं धरू, हा आकडा हौशी लोकांसाठी खरंच चांगला आहे. न्यूट्रॉन निम्म्या वेळाच येतो, म्हणून फ्यूजन झाली सेकंदाला 20 लाख. प्रत्येकीत सरासरी 3.65 एमईव्ही. गुणाकार केला की येतात साधारण 1.2 मायक्रोवॅट. आत 400 वॅट, बाहेर 1.2 मायक्रोवॅट, तीस कोटी पटीहून जास्त फरक.

आणि हा फरक यंत्र नीट बनवलं नाही म्हणून पडतो असं नाही. दोन पॉझिटिव्ह केंद्रकं जवळ आली की फ्यूजन होण्यापेक्षा एकमेकांना नुसतं ढकलून दिशा बदलण्याची शक्यता प्रचंड जास्त असते, दर वेळी ऊर्जा विखुरते, आयन जाळीवर आपटतात, जाळी तापते, इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळून एक्स-रे बनवतात. 1995 मध्ये एमआयटीत टॉड रायडर यांनी पीएचडीसाठी याच प्रकारच्या, म्हणजे औष्णिक समतोलात नसलेल्या प्लाझ्माचा हिशोब मांडला आणि दाखवलं की तो समतोल मोडलेला ठेवण्यासाठी जी शक्ती सतत घालावी लागते ती बहुतेक वेळा फ्यूजनमधून मिळणाऱ्या शक्तीपेक्षा जास्त असते. मोठ्या यंत्रांची गोष्ट वेगळी. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत 2.05 मेगाज्यूल लेझर ऊर्जा टार्गेटवर टाकून 3.15 मेगाज्यूल मिळाली, पण तो लेझर चालवायला त्या एका शॉटसाठी 300 मेगाज्यूलच्या आसपास वीज लागली.

मग छोट्या यंत्राचा उपयोग काय, तर न्यूट्रॉन. बटण दाबलं की चालू, बंद केलं की बंद होणारा न्यूट्रॉन सोर्स. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनमधल्या गटाने कितीतरी वर्षं याच प्रकारच्या यंत्रांवर काम केलं, मेडिकल आयसोटोप बनवून बघितले, स्फोटकं शोधायला न्यूट्रॉन वापरून बघितले. आणि शिकण्यासाठी तर याला तोड नाही, व्हॅक्यूम, हाय व्होल्टेज, प्लाझ्मा, रेडिएशन मोजणं, सगळं एका टेबलावर. पुढच्या विद्यार्थ्याला "बल्ब नाही लागणार, पण अणुकेंद्रकं जुळलेली तू स्वतः मोजून दाखवशील" असं सांगा सर, ते जास्त खरं आहे.

प्रश्न : माझ्याकडे 40 केव्हीचा सप्लाय आहे, टर्बो पंप आहे, ड्युटेरियम आहे. व्हॅक्यूम चांगला असताना व्होल्टेज 40 ला जातं पण प्लाझ्मा पेटत नाही, गॅस सोडला की पेटतो आणि व्होल्टेज धाडकन 8-9 वर येतं. सप्लाय खराब आहे का?

सप्लाय बहुतेक ठीक आहे. जवळजवळ प्रत्येकाचं गाडं इथेच अडतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फ्यूझरमध्ये प्रेशर, व्होल्टेज आणि करंट हे तिघं एकमेकांना बांधलेले असतात. प्रेशर वाढलं की वायू सहज पेटतो, करंट वाढतो, सप्लाय आपल्या करंट लिमिटला जाऊन बसतो आणि व्होल्टेज कोसळतं. प्रेशर फार कमी केलं की पेटायला पुरेसे अणूच नसतात. तुम्हाला पाहिजे ती मधली अरुंद जागा, बहुतेक चेंबरमध्ये ती 5 ते 15 मिलिटॉरच्या आसपास सापडते, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण एक लाखावा भाग. तुम्ही गॅस एकदम सोडताय असं पत्रावरून वाटतं. त्यापेक्षा असं करा. पंपाकडचा व्हॉल्व्ह बराचसा बंद करून पंपिंग मंद करा, सुईच्या व्हॉल्व्हने ड्युटेरियमचा अगदी बारीक प्रवाह चालू ठेवा, आणि प्रेशर स्थिर झालं की 10 किलोव्होल्टवर प्लाझ्मा पेटवा. मग व्होल्टेजचा नॉब किंचित वर, व्होल्टेज अडलं की सुईचा व्हॉल्व्ह केसभर बंद, दहा-पंधरा सेकंद थांबा, मीटरवर करंट खाली आणि व्होल्टेज वर सरकताना दिसेल, मग परत नॉब. हात घाईचा असेल तर प्लाझ्मा विझतो आणि पहिल्यापासून सुरू करावं लागतं. दोन नॉब असे आलटून पालटून फिरवत 30 च्या वर जायला वेळ लागतो आणि तो लागू द्यायचा. सप्लाय आणि जाळीच्या मधे 50 ते 100 किलोओहमचा बॅलास्ट रेझिस्टर घाला, हाय व्होल्टेज झेपणारा, त्याने ठिणगी पडली तरी करंट आवरतो आणि सप्लाय वाचतो.

आता गेज. तुमचा पिरानी असेल, म्हणजे वायू किती उष्णता वाहून नेतो त्यावरून प्रेशर सांगणारा, तर तो नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेला असतो. ड्युटेरियम उष्णता जास्त चांगली वाहून नेतो, त्यामुळे गेज खऱ्यापेक्षा जास्त प्रेशर दाखवतो. दुसऱ्याच्या आकड्याशी तुमचा आकडा जुळला नाही तर घाबरू नका, कपॅसिटन्स मॅनोमीटर (पडदा दाबाने किती वाकतो ते मोजणारा गेज) असेल तरच वायू कुठलाही असला तरी आकडा खरा. नाहीतर तुमच्या गेजचे आकडे तुमच्या यंत्रापुरते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत खरंच ड्युटेरियमच आहे का? 10 मिलिटॉरमधले 5 मिलिटॉर हवा आणि पाण्याची वाफ असेल तर निम्मा करंट फुकट. टेस्ट सोपी आहे. चेंबर रिकामा करा, पंपाकडचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि दर 30 सेकंदांनी प्रेशर वहीत लिहा, ग्राफ काढा. रेघ सरळ वर जात राहिली तर बाहेरून लीक आहे. आधी चढून मग वाकायला लागली तर ती भिंतींना चिकटलेली वाफ सुटतेय, तिला चेंबर 100-150 अंशांवर काही तास तापवून पंप करणं हा इलाज, आधी ओ-रिंग किती तापमान झेपतात ते बघून घ्या. लीक असेल तर जोडाजोडांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडत जा, प्रयोगाचं हाय व्होल्टेज बंद ठेवून आणि आसपास ठिणगी किंवा गरम काही नसताना, ज्या जोडावर गेजचा काटा हलला तो दोषी. आतल्या स्क्रूच्या आट्यांमध्ये अडकलेली हवा दिवसेंदिवस झिरपत राहते हे पण लक्षात ठेवा, तिला बाहेरून कितीही अल्कोहोल लावलं तरी सापडत नाही, स्क्रूला आरपार भोक पाडणं हाच उपाय.

प्रश्न : जाळी वितळली. स्टीलची होती. टंगस्टन घेऊ का? आणि किती कड्यांची करू?

टंगस्टन घ्या, स्टील 1400 अंशांच्या आसपास जातं, टंगस्टन 3422 ला. फार गरम टंगस्टन स्वतःहून इलेक्ट्रॉन सोडायला लागतो आणि करंट बेलगाम वाढतो, त्यामुळे वितळत नाही म्हणून पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवायची असं नाही. नारिंगी दिसली की करंट कमी करा किंवा थांबून थांबून चालवा.

कड्या कमी ठेवा. दोन किंवा तीन पुरतात. लोक गोल छान दिसावा म्हणून सहा-आठ कड्या घालतात आणि प्रत्येक जास्तीची तार आयनांच्या वाटेत उभी राहते. समोरासमोरच्या फटी एका रेषेत आल्या पाहिजेत, झोत ज्या फटीतून आत येईल त्याच्या बरोबर समोरच्या फटीतून बाहेर गेला पाहिजे, मला विचाराल तर हे कड्यांच्या संख्येपेक्षा जास्त महत्त्वाचं. आकार चेंबरच्या व्यासाच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याएवढा धरून सुरुवात करा. जोड स्पॉट वेल्डने. सोल्डर अजिबात नको, ते तापून उडतं आणि इन्सुलेटरवर जाऊन बसतं.

फोटोत मला दुसरी गोष्ट दिसली, जाळीचा दांडा जिथे सिरॅमिकमध्ये शिरतो तिथे काळा डाग आहे. तिथे ठिणग्या पडतायत. धातू, सिरॅमिक आणि व्हॅक्यूम जिथे भेटतात तिथे विद्युत क्षेत्र सगळ्यात तीव्र असतं. अल्युमिनाची नळी दांड्यावर जाळीच्या अगदी जवळपर्यंत चढवा, धारदार कडा घासून गोल करा, डाग पूर्ण साफ करा, नाहीतर नवी जाळी लावूनही 25 च्या वर जाणार नाही.

प्रश्न : आमच्या ग्रुपने हेलियम-3 ट्यूब मिळवली. फ्यूझर चालू केला की काउंट येतात, ठिणगी पडली की एकदम शेकड्याने येतात. हे न्यूट्रॉन धरायचे का?

ठिणगीच्या वेळचे अजिबात धरायचे नाहीत आणि बाकीच्यांवरही अजून विश्वास ठेवू नका. हाय व्होल्टेजची ठिणगी म्हणजे रेडिओ ट्रान्समीटरच, तिचा पल्स केबलमधून सरळ तुमच्या अँप्लिफायरमध्ये शिरतो. छोट्या फ्यूजनमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, आणि जाळी बदलण्याआधी, व्होल्टेज वाढवण्याआधी पैसा आणि वेळ इथे घाला असं मी प्रत्येकाला सांगते, कारण मोजमाप कच्चं असेल तर सुधारणा झाली की बिघाड झाला हेच कळणार नाही.

पहिली परीक्षा, ट्यूबभोवतीचा मॉडरेटर काढा. हेलियम-3 मंद न्यूट्रॉन पकडतो, 2.45 एमईव्हीच्या वेगवान न्यूट्रॉनला आधी पॉलिथिलीन किंवा पॅराफिनच्या साधारण 5 सेंटीमीटर थरात मंद करावं लागतं. मॉडरेटर काढल्यावर काउंट जोरात पडले तर चांगली खूण, तसेच राहिले तर ते एक्स-रे किंवा इलेक्ट्रिकल नॉइज. दुसरी, ड्युटेरियमऐवजी साधा हायड्रोजन भरून तेच व्होल्टेज, तोच करंट चालवा. काउंट बॅकग्राउंडवर आले पाहिजेत. ही परीक्षा लोक टाळतात कारण वेळ जातो, पण हिच्याइतकं पटणारं दुसरं काही नाही. तिसरी, पल्सच्या उंचीचा स्पेक्ट्रम बघा. हेलियम-3 मध्ये न्यूट्रॉन शिरला की 764 केईव्ही (केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग) सुटतात, तिथे स्पष्ट उंचवटा आणि त्याच्या डावीकडे पायऱ्या दिसतात. नॉइजला असा आकार नसतो.

आकडेमोडीतही घाई नको. दहा मिनिटांत बॅकग्राउंड 20 आणि फ्यूझर चालू असताना 40 आले तर "दुप्पट झाले" म्हणून नाचू नका, 20 मध्ये साडेचारची आणि 40 मध्ये सव्वासहाची अनिश्चितता आहे, फरक 20 आणि त्यातली अनिश्चितता जवळजवळ 8. जास्त वेळ मोजा. तासभर बॅकग्राउंड, तासभर रन, मग बोलू.

सगळ्यात समाधान देणारी परीक्षा चांदीची. चांदीचा पातळ पत्रा मॉडरेटरमध्ये ठेवून फ्यूझर काही मिनिटं चालवायचा, मग सप्लाय पूर्ण बंद करून पत्रा गायगर काउंटरखाली न्यायचा. पुरेसे न्यूट्रॉन असतील तर चांदी किरणोत्सारी झालेली असते, एका आयसोटोपचं अर्धायुष्य 24.6 सेकंद, दुसऱ्याचं साधारण 2.4 मिनिटं. काउंटर आधी भराभर टिकटिकतो आणि तुमच्या डोळ्यादेखत मंदावत जातो. त्या वेळी यंत्र बंद असतं, हाय व्होल्टेज नसतं, ठिणगी नसते, त्यामुळे नॉइजचा प्रश्नच उरत नाही, आणि उतरत्या रेघेतून ही दोन अर्धायुष्यं निघाली तर न्यूट्रॉन होते यावर कुणीच वाद घालू शकत नाही.

न्यूट्रॉन खरे असूनही निष्कर्ष चुकू शकतो हे पण सांगते. 1958 च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या हार्वेलच्या झीटा यंत्राने न्यूट्रॉन दिले म्हणून जगभर बातम्या झाल्या, औष्णिक फ्यूजन जमलं असं वाटलं. न्यूट्रॉन खरेच होते, पण काही महिन्यांतच कळलं की ते तापलेल्या प्लाझ्मातून आलेले नव्हते, प्लाझ्मातल्या अस्थिरतेमुळे थोडे आयन वेग घेऊन आदळत होते त्यातून आले होते. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत हे झालं, म्हणून तुम्ही तिन्ही परीक्षा करा.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिला फ्यूझर बनवायचाय. चौदाव्या वर्षी कुणीतरी बनवला असं ती दाखवते. आई म्हणून मला भीती वाटते. परवानगी द्यावी का?

ती दाखवते ते खरं आहे, अमेरिकेतल्या टेलर विल्सनने 2008 मध्ये चौदाव्या वर्षी फ्यूजन करून दाखवलं. पण त्याला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांची मदत आणि जागा मिळाली होती, हे तिच्यासोबत बसून वाचा.

तुमची भीती योग्य आहे, फक्त ती बरोबर जागी ठेवूया. लोक न्यूट्रॉनला घाबरतात. सेकंदाला 10 लाख न्यूट्रॉन देणाऱ्या यंत्रापासून 1 मीटरवर तासाला साधारण 12 मायक्रोसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप) डोस बसतो, 3 मीटरवर त्याचा नववा भाग. सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा 1000 मायक्रोसिव्हर्ट धरतात. म्हणजे लांब उभं राहून मोजक्या वेळ चालवलं तर हे सांभाळता येतं. एक्स-रे जास्त वाईट. स्टीलची 3 मिलिमीटर जाडीची भिंत 40 किलोव्होल्टपर्यंतचे बहुतेक एक्स-रे अडवते, पण बघायची काच अडवत नाही, आणि प्रत्येकाला त्या काचेतूनच डोळा लावून बघायचं असतं. काचेसमोर कधीही चेहरा न्यायचा नाही, कॅमेरा लावून स्क्रीनवर बघायचं, काचेवर लेड ग्लास. आणि खरा जीव घेणारा धोका हाय व्होल्टेज. सप्लाय बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर वापरून सप्लाय बनवायच्या कल्पना फिरत असतात, त्याला तर हातच लावू देऊ नका, त्याचा करंट एका स्पर्शात मारतो.

माझं मत विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते, घरी एकटीला नाही. पण "नाही" म्हणून विषय बंदही करू नका. व्हॅक्यूमचा भाग तिला आत्ता करू दे, चेंबर, पंप, गेज, लीक शोधणं, यातच वर्षभर जाईल आणि ती खूप शिकेल. व्होल्टेजचा भाग एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये, हाय व्होल्टेजवर रोज काम करणाऱ्या माणसासमोर, अर्थिंग स्टिक (उरलेला चार्ज जमिनीत सोडणारी काठी), इंटरलॉक (दार उघडलं की व्होल्टेज आपोआप बंद करणारा स्विच) आणि डोसिमीटर (डोस मोजणारं उपकरण) लावून. आणि जिथे राहता तिथल्या किरणोत्सर्ग नियामकाचे नियम ड्युटेरियम भरायच्या आधी वाचायचे, नंतर नाही.

प्रश्न : बोरॉन आणि प्रोटॉन घेतले तर न्यूट्रॉनच येत नाहीत म्हणतात. मग तेच का नाही वापरायचं?

कारण त्याला ऊर्जा फार लागते, ठळक शिखर 600 केईव्हीच्या आसपास आहे, तुमच्या 40 किलोव्होल्टला काही मोजण्यासारखं होणार नाही. शिवाय न्यूट्रॉन नाहीत म्हणजे फ्यूजन झालं हे दाखवण्याचा सोपा मार्गही गेला. ड्युटेरियमवरच राहा.

प्रश्न : आमचा फ्यूझर सेकंदाला लाखभर न्यूट्रॉन देतो, चांदीची टेस्ट पण झाली. आता दहापट करायचे आहेत. कुठून सुरुवात करू?

अभिनंदन, मनापासून. व्होल्टेजपासून सुरुवात करा. आदळणाऱ्या दोन केंद्रकांची मिळून ऊर्जा 10 केईव्हीवरून 100 केईव्हीवर नेली तर ड्युटेरियम फ्यूजनची शक्यता शंभर पटीहून जास्त वाढते. करंट दुप्पट केला तर न्यूट्रॉन साधारण दुप्पटच होतात आणि जाळी दुप्पट तापते. म्हणून त्याच वॅटमध्ये कमी करंट आणि जास्त व्होल्टेज हा फायद्याचा सौदा. पण व्होल्टेज वाढवाल तसे एक्स-रेही जास्त भेदक होतात, 50 च्या पुढे जायचं तर शिल्डिंगचा हिशोब परत पहिल्यापासून करा.

मग एक गोष्ट समजून घ्या जी बऱ्याच जणांच्या मनात उलटी असते. चित्रात दाखवतात की आयन मध्यभागी एकमेकांवर समोरून आदळतात आणि तिथे फ्यूजन होतं. 10 मिलिटॉरला तसं फारसं घडत नाही. आयन काही सेंटीमीटर गेला की वाटेत वायूच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो, स्वतः वेगवान पण न्यूट्रल अणू बनतो आणि सरळ जाऊन भिंतीवर आपटतो. बरंचसं फ्यूजन या वेगवान न्यूट्रल अणूंच्या वायूबरोबरच्या टकरींत आणि भिंतीत रुतून बसलेल्या ड्युटेरियमवर होतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सुधारणा आपोआप सुचतात. नवीन चेंबर काही तास ड्युटेरियममध्ये चालवला की भिंत ड्युटेरियमने भरते आणि तेच सेटिंग असताना काउंट चढत जातात, म्हणून जाळी बदलायला चेंबर उघडला की पहिल्या दिवशीचे आकडे जुन्याशी ताडून बघू नका. झोत जिथे आपटतो तिथे टायटॅनियमचा तुकडा लावून बघा, टायटॅनियम हायड्रोजन चांगला धरून ठेवतो, मात्र तो फार तापला तर सगळा सोडून देतो, म्हणून भिंत बाहेरून गार ठेवा. वेगळा आयन सोर्स जोडला तर कमी प्रेशरला चालवता येतं, आयनला पूर्ण वेग घ्यायला मोकळी वाट मिळते, हर्श यांच्या आयन गनचा फायदा हाच होता. हे काम मोठं आहे, बाकी सगळं जमल्यावर.

मीटरवरचा करंट पण पूर्ण आयनांचा नसतो. प्रत्येक आयन जाळीवर आपटला की इलेक्ट्रॉन उडवतो, ते भिंतीकडे पळतात आणि मीटरमध्ये मोजले जातात. म्हणून 10 मिलिअँपिअर वाचले तर आयनांचा वाटा त्याहून बराच कमी. दोन जाळ्यांची तुलना करताना फक्त करंट बघून निर्णय घेऊ नका, त्याच व्होल्टेज, त्याच करंट, त्याच प्रेशरला न्यूट्रॉन किती ते बघा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. जाळी आणि गॅस बाटली एकाच दिवशी बदलली तर तिप्पट झालेले न्यूट्रॉन कोणामुळे झाले हे कधीच कळणार नाही.

प्रश्न : हाय व्होल्टेजच्या भानगडीत न पडता छोट्या फ्यूजन यंत्रांवर काही करता येईल का? माझा हात कॉम्प्युटरवर चांगला आहे.

येईल की. प्रागच्या चेक टेक्निकल युनिव्हर्सिटीत गोलेम नावाचा छोटा टोकामॅक (चुंबकांनी प्लाझ्मा कड्यासारखा धरून ठेवणारं यंत्र) आहे, मूळ मॉस्कोच्या कुर्चाटोव्ह इन्स्टिट्यूटमध्ये बनलेला, 1977 मध्ये प्रागला आला, आता तो विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी वापरतात आणि तो इंटरनेटवरून लांबून चालवता येतो. त्यात फ्यूजन होत नाही, साध्या हायड्रोजनचा प्लाझ्मा असतो, पण प्रत्येक शॉटचा डेटा खुला आहे, प्लाझ्मा करंट, लूप व्होल्टेज, प्लाझ्मा किती मिलिसेकंद टिकला, सगळं. तो डेटा घेऊन प्लाझ्मा कधी लवकर मरतो हे शोधायला बसा. दुसरं काम फ्यूझरवाल्यांना आत्ता लगेच हवंय, चेंबर आणि जाळीचं विद्युत क्षेत्र काढून त्यात आयनांचे मार्ग सोडायचे, प्रेशरप्रमाणे इलेक्ट्रॉन हिसकावण्याच्या टकरी घालायच्या आणि कुठल्या आकाराच्या जाळीवर किती आयन आपटतात ते मोजायचं. तुमच्याकडून तसा प्रोग्राम तयार झाला तर इथे लिहा, वर ज्यांची जाळी वितळली त्यांच्या मापांवरच पहिल्यांदा चालवून बघू.